सामान्यनामे आणि मध्यम स्तरावरील इंग्रजी शब्दसंपदा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मराठी माध्यमातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांची इंग्रजी शब्दसंपदा वाढविण्यासाठी सामान्यनामांच्या याद्या अर्थासह पाठ करून घेणे, ही आपल्याकडील रूढ पद्धती आहे. प्राथमिक स्तरावर ती उपयुक्त ठरते. मध्यम स्तरावरही तीच चालू ठेवणे कितपत योग्य आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. 'सामान्यनाम' ही संज्ञा येथे विशेषनामाहून भिन्न अशी सर्व नामे या व्यापक अर्थाने योजली आहे.

शब्दयाद्यांची परंपरा :
सी. के. ऑग्डेन यांनी 1930 मध्ये मांडलेल्या 'बेसिक इंग्लिश'मध्ये एकूण 850 शब्द होते. त्यांपैकी 600 नामे होती, तर क्रियापदे अवघी 18. मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये सिद्ध केलेल्या सुमारे 2000 शब्दांच्या यादीत एकाच शब्दाचे विविध अर्थ त्यांच्या वापराच्या प्रमाणासह नोंदविले. अर्थपुस्तिकांतून मात्र 'इंटरेस्ट' या नामापुढे बहुधा 'आवड' एवढेच लिहिलेले असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्याच नामाचे 'व्याज' आणि 'हितसंबंध' हे अर्थही हवे असतात.

यादीत न मावणारे ज्ञान :
नामाचा अर्थ कळणे आणि ते नाम वाक्यात चालविता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठीत 'सल्ला' व 'पुरावा' यांची अनेकवचने होतात. इंग्रजीतील 'अॅडव्हाइस' व 'एव्हिडन्स' यांची सामान्यतः होत नाहीत. याउलट 'माहिती' आणि 'इन्फर्मेशन' ही दोन्ही नामे एकवचनीच राहतात. येथे मातृभाषा अडसर न ठरता आधार ठरते. तरीही उत्तरपत्रिकांतून 'इन्फर्मेशन्स' आढळते, कारण ही तुलना वर्गात क्वचितच केली जाते.

नामासोबत येणाऱ्या क्रियापदाचा प्रश्न याहून गंभीर आहे. 'एक्झाम' हा शब्द कोणत्याही विद्यार्थ्यास अपरिचित नाही. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो' आणि शिक्षक ती 'घेतात'. इंग्रजीत 'टेक' हे क्रियापद विद्यार्थ्याकडे, तर 'गिव्ह' हे शिक्षकाकडे जाते. परिणामी, प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही विद्यार्थ्याच्या वाक्याचा अर्थ नेमका उलटा होतो. शब्दांची संख्या वाढवून हा दोष दूर होणार नाही.

समारोप :
मध्यम स्तरावर नव्या नामांच्या भरतीपेक्षा परिचित नामांची सखोल जाण अधिक महत्त्वाची आहे. त्यासाठी प्रत्येक नाम त्याचे वचन, उपपद, सोबतचे क्रियापद आणि शब्दयोगी अव्यय यांसह, मराठीशी तुलना करीत शिकविणे आवश्यक आहे. पन्नास नामे अशा रीतीने आत्मसात झाल्यास ती पाठ केलेल्या पाचशे नामांहून अधिक उपयोगी पडतील. मात्र परीक्षेत 'अर्थ लिहा' हाच प्रश्न राहिला, तर अध्यापनही याद्यांपुरतेच राहील. म्हणूनच हा बदल अध्यापनाइतकाच मूल्यमापनातही घडून यावयास हवा.