वर्गात पाहिलेला चित्रपट आणि विद्यार्थ्याची स्वप्रतिक्रिया : ‘फँड्री’, ‘कोर्ट’ व ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

यावल तालुक्यातील सांगवी हे भालचंद्र नेमाडे यांचे गाव. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘कोसला’ या कादंबरीने पुण्यास शिकावयास गेलेल्या खानदेशी विद्यार्थ्याचा प्रथमपुरुषी आवाज मराठी साहित्यात प्रतिष्ठित केला. पांडुरंग सांगवीकर जे वाचतो, पाहतो, भोगतो त्याविषयी स्वतःच्या शब्दांत बोलतो. त्याला कोणी प्रश्न विचारलेला नसतो आणि त्याच्या बोलण्याला गुणही नसतात. या कादंबरीस साठ वर्षे उलटून गेली. ती आता अभ्यासक्रमात असते, तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. परंतु त्याच तालुक्यातील विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेला ‘मी’ हा शब्द अद्याप मानवत नाही.

साहित्याच्या तासिकेत ही उणीव झाकली जाते, कारण तेथे मार्गदर्शक पुस्तके हाताशी असतात. वर्गात चित्रपट दाखविला आणि त्यावर लिहावयास सांगितले की ती उघडी पडते. विशेषतः चित्रपट स्वतंत्र पद्धतीने निर्माण झालेला असेल, त्यात ओळखीचे नट नसतील, गाणी नसतील आणि शेवटी कोणाचे भले झाले हे स्पष्ट होत नसेल, तर विद्यार्थ्याजवळ स्वतःच्या अनुभवाशिवाय दुसरे साधन उरत नाही. या अनुभवाचे समीक्षेच्या दृष्टीने मोल काय, आणि तो मागताना अध्यापक नेमके काय मागत असतो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘स्वतंत्र चित्रपट’ ही संज्ञा येथे काटेकोर अर्थाने वापरलेली नाही. २००४ साली प्रदर्शित झालेल्या ‘श्वास’नंतर मराठीत जे नवे दिग्दर्शक आले, त्यांपैकी अनेकांनी निर्मिती स्वतंत्रपणे केली, तर वितरणाच्या वेळी मोठ्या माध्यमसमूहाचे पाठबळ घेतले. ‘फँड्री’ हे त्याचेच उदाहरण होय. तेव्हा पैसा कोणाचा यापेक्षा प्रेक्षकाला ठरावीक प्रतिसाद पुरविण्याचे चित्रपटाने नाकारले आहे काय, हा निकष येथे अधिक उपयोगी ठरतो.

प्रतिक्रियेचे समीक्षेतील स्थान :

विद्यार्थ्याच्या व्यक्तिगत प्रतिक्रियेस समीक्षाविचारात प्रथम गांभीर्याने घेतले ते आय. ए. रिचर्ड्स यांनी. केंब्रिज येथील आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी कवींची नावे न सांगता कविता दिल्या, त्यांच्याकडून लेखी अभिप्राय घेतले आणि त्या अभिप्रायांची चिकित्सा १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात मांडली. नामवंत विद्यापीठातील सुशिक्षित तरुणही किती चुकीचे वाचतात, हे त्यातून दिसले. रिचर्ड्स यांच्या या ग्रंथाचा उल्लेख आपल्याकडे बहुधा एवढ्यापुरताच होतो. कवींची नावे लपविली होती त्याप्रमाणे अभिप्राय देणाऱ्यांची नावेही ग्रंथात नाहीत, ही बाब मात्र दुर्लक्षित राहते. तिच्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

पुढे विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी वाचकावर होणाऱ्या परिणामास समीक्षेचा आधार मानणे हा दोष ठरविला. मराठी अध्यापनात या भूमिकेचा सिद्धान्त फारसा पोहोचला नाही, पण तिची शिस्त मात्र पोहोचली. कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरण, भाषाशैली, संदेश अशी घटकांची यादी तयार झाली आणि तीच चित्रपटासही लावण्यात आली. अभिनवगुप्तांच्या परंपरेतील ‘सहृदय’ ही संकल्पना आपण पहिल्याच वर्षी शिकवितो, आणि परीक्षेत मात्र हृदयाविषयी चकार शब्द काढू देत नाही, हा विरोधाभास अध्यापकांच्या ध्यानी येत नाही असे नाही. तो सोयीचा आहे, इतकेच.

‘फँड्री’ : दगड कोणाला लागतो?

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ साली महोत्सवांत दाखविला गेला व १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातील जांबुवंत उर्फ जब्या, त्याचे शालूवरील अबोल प्रेम, काळ्या चिमणीचा शोध आणि गावातील डुकरे पकडण्याचे कुटुंबाच्या माथी आलेले काम, एवढाच त्याचा विषय. शाळेजवळ डुकराचा पाठलाग चालू असताना राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागीच उभा राहतो, पाठोपाठ कुटुंबही थांबते आणि डुक्कर निसटते. पुढे मेलेले डुक्कर काठीला बांधून नेताना शाळेच्या भिंतीवरील फुले, आंबेडकर आदींची चित्रे मागे दिसत राहतात. अखेरीस टिंगल असह्य झालेला जब्या दगड भिरकावतो. तो दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो.

‘या चित्रपटातून जातिभेद वाईट आहे असा संदेश मिळतो’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत चूक ठरत नाही. परंतु ते लिहिण्यासाठी चित्रपट पाहण्याची गरज नाही. ‘शेवटी दगड माझ्याकडे आला तेव्हा मी मान मागे घेतली’ हे वाक्य मात्र चित्रपट पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही. त्यात दिग्दर्शकाने कॅमेरा कोठे ठेवला आणि प्रेक्षकाला कोणाच्या जागी बसविले, याचे अचूक निरीक्षण आहे. विद्यार्थ्याला त्याची जाणीव नसेल. ती करून देणे हेच अध्यापकाचे काम. मान मागे का गेली, एवढा एक प्रश्न विचारला तरी दृष्टिकोन, चौकट आणि प्रेक्षकाचे स्थान या संकल्पना परिभाषेच्या आधीच वर्गात येतात.

पण याच ठिकाणी मोठी अडचण उभी राहते. डुकरामागे धावणाऱ्या कुटुंबाकडे गाव तमाशा पाहावा तसे पाहते. हसणाऱ्यांत शालूही असते. वर्गात हा प्रसंग चालू असताना काही विद्यार्थी हसतात, कारण पाठलाग खरोखरच हास्यकारक रीतीने चित्रित झाला आहे. काही हसत नाहीत. कोण हसले आणि कोण गप्प राहिले हे अंधारातही बाकाबाकांवरून कळते. तालुक्याच्या ठिकाणी आडनावावरून घर कळते, घरावरून वस्ती कळते. अशा वर्गात ‘तुम्हाला काय वाटले ते लिहा’ ही सूचना सर्वांना सारखीच मोकळीक देते असे मानणे भाबडेपणाचे आहे. एखाद्याला ती आपले मत मांडण्याची संधी वाटते, तर दुसऱ्याला ती घरची गोष्ट चव्हाट्यावर आणण्याची सक्ती वाटू शकते. दुसऱ्याने संदेशाचे तयार वाक्य लिहिले, तर त्याच्या प्रतिभेची उणीव काढण्यापूर्वी त्याने स्वतःसाठी घेतलेला तो आडोसा असू शकतो, हे ध्यानात घ्यावयास हवे. ज्याला कोरडे उत्तर म्हणून आपण कमी गुण देतो, ते कित्येकदा स्वाभिमानाचे उत्तर असते.

भाषेच्या बाबतीतही असेच घडते. ‘फँड्री’ या कैकाडी शब्दाचा अर्थ ‘डुक्कर’ असा सांगून अध्यापक पुढे सरकतो. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या परिसरात घरी पावरी किंवा तडवी बोलणारा, लेवा गणबोलीत वा अहिराणीत विचार करणारा विद्यार्थी महाविद्यालयाच्या फाटकातून आत येताना भाषा बदलतो. घरातला शब्द बाहेर शिवी म्हणून ऐकू येतो, हे जब्याचे दुखणे त्याला टिपेशिवाय कळते. त्याची प्रतिक्रिया प्रमाण मराठीतच हवी असा आग्रह धरला, तर चित्रपटाने जे दाखविले त्याचीच वर्गात पुनरावृत्ती होते.

‘कोर्ट’ : कंटाळ्याचे वाचन

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) व्हेनिस येथे पुरस्कारप्राप्त ठरला, त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि वर्गात त्याविषयी हमखास उमटणारी प्रतिक्रिया म्हणजे ‘कंटाळा आला’. पुरस्कारांची यादी वाचून दाखवून हा कंटाळा घालविता येत नाही. उलट आपल्याला काही कळत नाही असा न्यूनगंड त्यातून वाढतो. वास्तविक ही प्रतिक्रिया कथेच्या गाभ्याजवळची आहे. नारायण कांबळे या लोकशाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा विलक्षण आरोप अत्यंत सपाट स्वरात चालविला जातो. सरकारी वकील कलमे एकसुरात वाचते, तारखा पडतात, बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका स्त्रीची सुनावणी पुढे ढकलली जाते. येथे अन्याय क्रौर्यातून न येता दिनक्रमातून येतो आणि दिनक्रम कंटाळवाणाच असतो. तेव्हा ‘कोणत्या क्षणी कंटाळा आला?’ हा प्रश्न विद्यार्थ्यास दटावण्यासाठी नव्हे, तर प्रामाणिकपणे विचारावा.

काही कंटाळा मात्र वेळापत्रकाने निर्माण केलेला असतो हेही मान्य केले पाहिजे. एकशे सोळा मिनिटांचा चित्रपट ४८ मिनिटांच्या तासिकांत तोडून दाखविला, तर ज्या संथपणावर त्याची बांधणी उभी आहे तोच घंटेने मोडतो. ताम्हाणे यांची दीर्घ, स्थिर दृश्ये तुकड्यांत पाहण्याजोगी नाहीत. चित्रपट एका बैठकीत दाखविणे शक्य नसेल तर दुसरा निवडावा.

‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ : शेजारचे हसू

फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटाचे स्थान वेगळे आहे. धुळ्याहून नाशिककडे जाताना लागणारे मालेगाव खानदेशी विद्यार्थ्यास परके नाही. यंत्रमागांच्या या गावात शेख नासिर आणि त्यांचे सहकारी तुटपुंज्या साधनांत ‘मालेगाव का सुपरमॅन’ कसा तयार करतात, हिरव्या कापडासमोर किडकिडीत नायकाला कसे ‘उडवितात’, हे त्यात दिसते. सुपरमॅनची भूमिका करणारा शफीक हा यंत्रमाग कामगार. त्याचे पुढे कर्करोगाने निधन झाले. याच मंडळींवर आधारित ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापट २०२५ साली चित्रपटगृहांत आला.

या माहितीपटावरील विद्यार्थ्यांचे हसणे ‘फँड्री’तील हसण्याहून निराळे असते, त्यात आपुलकी अधिक असते. ‘हे तर आम्हीही करू शकतो’ ही प्रतिक्रिया समीक्षा म्हणून अपुरी असली, तरी चित्रपट हा मुंबईहून येणारा माल नसून हाताने करावयाची वस्तू आहे, ही जाणीव त्यात आहे. मात्र माहितीपट आपल्याला त्यांच्याबरोबर हसवितो की त्यांच्यावर, हा प्रश्न येथे सोडून देता कामा नये. शहरी प्रेक्षकाला मौजेचा वाटणारा जुगाड गावातील माणसाला नाइलाज वाटू शकतो. या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या बाबतीत यावलचा विद्यार्थी मुंबईच्या समीक्षकापेक्षा अधिक जवळ उभा आहे.

मूल्यमापनाचा प्रश्न :

आता रिचर्ड्स यांच्या निनावी अभिप्रायांकडे वळता येईल. प्रतिक्रिया आणि नाव यांची फारकत केल्यास वर्गातील वर उल्लेखिलेली अडचण काही अंशी दूर होते. पहिले टिपण निनावी असावे, हवे त्या बोलीत असावे आणि त्यास गुण नसावेत. वर्गात ते वाचताना लिहिणाऱ्याचा शोध घेऊ नये. लहान वर्गात हस्ताक्षर ओळखू येते, म्हणून अध्यापकाने ती स्वतः वाचून दाखवावीत. गुण द्यावयाचे ते दुसऱ्या लेखनास. त्यात आपल्या किंवा इतरांच्या एखाद्या प्रतिक्रियेचे कारण चित्रपटातील विशिष्ट दृश्यात शोधावयाचे असते. ‘मी’ लिहावयाचे की नाही, हा निर्णय विद्यार्थ्याकडे राहतो.

यावर असा आक्षेप येईल की, यामुळे अज्ञानालाच मत म्हणून मान्यता मिळेल. आक्षेप अगदीच गैरलागू नाही. ‘कोर्ट’मधील न्यायाधीश अंकशास्त्रावर आणि अंगठीतील खड्यावर विश्वास ठेवतो. हा प्रसंग एखाद्या विद्यार्थ्याला उपहास न वाटता साधा सल्ला वाटला, तर तो चुकीचे वाचतो आहे असे स्पष्ट सांगावे लागेल. पण त्याला तो सल्ला का वाटला, हे आधी कागदावर यावे लागते. घरात तसाच सल्ला दिला जात असेल, तर दिग्दर्शकाने कोणतीही खूण न करता प्रसंग साधेपणाने का चित्रित केला, याचे उत्तर त्या चुकीच्या वाचनातूनच मिळते.

‘कोर्ट’मध्ये सुटी लागण्यापूर्वीचे कामकाज संपते, दालन रिकामे होते, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा पूर्ण काळोखात जातो. वर्गात या वेळी कोणीतरी उठून ट्यूबलाइट लावतो, खुर्च्या सरकू लागतात. चित्रपट संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेला दिसतो, बाकावर झोपी जातो, मुले कानाशी ओरडून त्याला जागे करतात; तो एकाला चापट मारतो आणि पुन्हा डोळे मिटतो. उजेडात, दप्तर खांद्याला लावून उभ्याउभ्या पाहिलेल्या या अखेरच्या मिनिटांविषयी विद्यार्थी काय लिहितात, तेथून पुढच्या तासिकेस प्रारंभ करावा.