डॅम्परला घोड्यांच्या तराजूत तोलू नका

इंजिनाच्या पुढच्या टोकाला, क्रँकशाफ्टवर बसणारा डॅम्पर हा एकच पार्ट असा आहे की त्याचं काम नीट चाललं तर काहीच घडत नाही. आवाज बदलत नाही, पिकअप वाढत नाही. आणि आफ्टरमार्केट बाजाराची सगळी भाषा मात्र ‘काय वाढलं’ याचीच. त्यामुळं हा पार्ट विकतानाही घोडे मोजले जातात, म्हणजे हॉर्सपॉवर. या पोस्टमध्ये त्या भाषेवर टीका आहे. माझ्या क्षेत्राचीही थोडी उतरंड काढणार आहे, कारण दोष एकट्या विक्रेत्यांचा नाही.

आधी मुद्दा समजून घेऊ. क्रँकशाफ्ट आपल्याला लोखंडाचा ठोकळा वाटतो, पण प्रत्येक फायरिंगला तो किंचित पिळला जातो आणि परत उलगडतो. ओलं धोतर पिळावं तसा, फक्त अंशाच्या छोट्या भागात. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्याला २ धक्के बसतात. धक्का एकदम येतो, एकदम जातो, म्हणून त्याच्यात ४ पट, ६ पट वेगाची कंपनंही मिसळलेली असतात. क्रँकची स्वतःची एक नैसर्गिक लय असते. धक्क्यांची लय तिच्याशी जुळली की झोपाळ्याला बरोबर वेळेवर ढकलल्यासारखं होतं. पीळ वाढत जातो.

आकड्यांत बघा. समजा एका क्रँकची पिळाची लय सेकंदाला ४६० आवर्तनं आहे. ६ पटीची कंपनं तिला ४६०० आरपीएमला गाठतील. ती तुलनेनं दुबळी असतात, कंपनीचा डॅम्पर ती जिरवतो. त्याहून जोरकस ४ पटीची कंपनं गाठतील ६९०० ला. कंपनीनं इंजिन ६५०० ला अडवलंय, म्हणजे तो धोक्याचा भाग रोजच्या वापरात येतच नाही. आता कोणीतरी ईसीयू रिमॅप करून मर्यादा ७२०० केली. गाडी तीच, क्रँक तोच, पण दर वेळी रेस दिली की आपण त्या खड्ड्यातून जाणार.

हा पीळ जिरवायचा उपाय जुना आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमारास तो मांडला: क्रँकच्या टोकाला एक जड कडं घट्ट न बांधता जोडा. क्रँक थरथरला की कडं मागं राहतं, मधल्या घर्षणात थरथरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. आजच्या बहुतेक गाड्यांत हब आणि कडं यांच्यामध्ये रबर असतं. काही डॅम्परमध्ये बंद डबीत घट्ट सिलिकॉन द्रव आणि त्यात मोकळं फिरणारं कडं असतं. रबराचा डॅम्पर ठरावीक लयीला ‘सूर लावलेला’ असतो, द्रवाचा जास्त रुंद पट्ट्यात काम करतो.

आता टीका.

पहिली, नावावर. बाजारात याला सर्रास ‘हार्मोनिक बॅलन्सर’ म्हणतात. शेवरलेच्या ४०० क्युबिक इंच स्मॉल-ब्लॉक व्ही-८ सारख्या काही इंजिनांत समतोलाचं वजन खरोखर याच पार्टवर असतं, तिथं नाव शोभतं. पण बहुतेक ठिकाणी तो समतोल राखत नाही, पीळ जिरवतो. नाव चुकलं की समजूत चुकते: ‘क्रँक बॅलन्स करून आणलाय, मग बॅलन्सर कशाला?’ क्रँक कितीही काटेकोर बॅलन्स केला तरी फायरिंगचा धक्का थोडाच थांबतो!

दुसरी, हलक्या पुलीच्या जाहिरातीवर. नायगावच्या एका मित्रानं अशीच लिंक पाठवून विचारलं होतं की जुन्या टर्बो पेट्रोल गाडीला रबरवाला डॅम्पर काढून ॲल्युमिनियमची अखंड पुली टाकू का. वजन कमी झालं की इंजिन चटकन उठतं, हे खोटं नाही. पण किती? कड्याचं वजन २ किलो आणि ते मध्यापासून ७ सेंटिमीटरवर धरू. पहिल्या गिअरला एकूण रेशो १४ आणि टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर घेतली, तर ते कडं काढणं म्हणजे गाडीतून साधारण २१ किलो उतरवणं. तिसऱ्या गिअरला रेशो ५ च्या आसपास येतो, तिथं हा फायदा ३ किलोही भरत नाही. डिकीतली स्टेपनी काढली तरी याहून जास्त मिळेल. डायनोवर दिसलेला वाढीव आकडाही बऱ्याचदा इंजिन झपाट्यानं फिरवताना मोजलेला असतो. फिरवायचं वजन कमी, म्हणून चाकापर्यंत थोडं जास्त पोचलं. स्थिर वेगाला इंजिनाची ताकद तेवढीच.

बदल्यात गमावलं काय? पीळ जिरवणारा एकमेव पार्ट. परिणाम लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण. ऑइल पंपाच्या गिअरवर, फ्लायव्हीलच्या बोल्टवर, क्रँकच्या कोपऱ्यातल्या गोलाईवर थकवा साठत जातो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं पीळ राहतो आणि सुंभ तुटतो. ज्या इंजिनात कंपनीनंच अखंड पुली दिलीय तिथं हा आक्षेप लागू नाही, तेवढं न्यायानं सांगायला हवं.

तिसरी टीका चांगल्या, महागड्या आफ्टरमार्केट डॅम्परच्या जाहिरातींवर. माल चांगला असू शकतो. आरपीएम वाढवलेल्या, टर्बोचं प्रेशर वाढवलेल्या इंजिनाला तो लागतोही. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत होते. तिथं उतरणाऱ्या गाडीनं हा खर्च केला तर मी उधळपट्टी म्हणणार नाही. पण ‘एसएफआय १८.१ प्रमाणित’ हा शिक्का पुढं करून सगळं सांगितल्यासारखं दाखवतात, ते बरोबर नाही. ते सुरक्षेचं मानक आहे: फार वेगात डॅम्पर फुटून तुकडे उडू नयेत. तुमच्या क्रँकचा पीळ किती कमी होतो, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी आलेख हवा: खाली आरपीएम, उभ्या रेषेवर पीळ अंशांत, जुना आणि नवा डॅम्पर शेजारी-शेजारी, आणि तुमच्याच इंजिनावर. मागून बघा, किती जण देतात.

चौथी, बसवण्याच्या व्हिडिओंवर. हातोडीनं ठोकून डॅम्पर बसवणारे दिसतात. त्या ठोक्यांनी रबर सरकतं आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगला मार बसतो. काढताना पुलर हबच्या आट्यांनाच लावायचा, बाहेरच्या कड्याला ओढलं तर रबर गेलंच. बसवताना आधी क्रँकच्या टोकाचा आणि हबच्या भोकाचा व्यास मायक्रोमीटरनं मोजायचा, मग स्क्रूच्या टूलनं सरळ ओढून घ्यायचा, शेवटी ठरलेल्या टॉर्कला बोल्ट. काही इंजिनांत टायमिंगचं गिअर चावीशिवाय, फक्त याच बोल्टच्या दाबानं धरलेलं असतं. इंजिन लॉक न करता बोल्ट ढिला केला की टायमिंग हललं. हे १० मिनिटांच्या व्हिडिओत अर्ध्या मिनिटात सांगता येतं, तरी सुटतं.

आता आमच्याकडं. डेन हार्टोग यांचं ‘मेकॅनिकल व्हायब्रेशन्स’ १९३४ चं. म्हणजे हे ज्ञान नवं नाही, पण ते समीकरणांत बसून राहिलं. आम्ही पेपर लिहितो ते कंपनीच्या डिझायनरसाठी. नायगाव-नरसीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर खोलणाऱ्या मिस्त्रीला जुन्या डॅम्परचं रबर चिरलंय का, बाहेरचं कडं हबवरून सरकलंय का, हे कसं बघायचं ते सांगणारं पानभर मराठी आम्ही लिहिलं नाही. तो मिस्त्री बेफिकीर नाही. सरकलेल्या कड्यावरची टायमिंगची खूण खोटं बोलते, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

तर डॅम्पर घ्यायचा असेल तर घोडे विचारू नका. तीन प्रश्न विचारा: माझ्या इंजिनासाठी मोजलाय का? कोणत्या आरपीएमपर्यंत? आणि जुन्याला झालंय काय? तिसऱ्याचं उत्तर ‘काही नाही’ असेल आणि इंजिन कंपनीच्याच मर्यादेत चालत असेल, तर पैसे खिशात ठेवा. जुना डॅम्पर त्याचं काम गुपचूप करतोय.