श्रावणातला साप, सहावा मुलगा

विनोबा भाव्यांच्या गीता-प्रवचनांच्या दहाव्या अध्यायात एक साप आहे. आपण त्याच्यापाशी जरा थांबू. विनोबा त्याची ओळख करून देतात ती भीतीच्या वाटेने नाही. तो किती स्वच्छ आहे, किती देखणा आहे, जराही घाण त्याला कशी खपत नाही, हे ते आधी सांगतात, एखाद्या कर्मठ, सोवळ्या ब्राह्मणाच्या पंगतीला त्याला नेऊन बसवतात, आणि आपण त्या देखणेपणात रमलेलो असतानाच त्याच्या संसारातली अडचण पुढे ठेवतात. हा जीव एरवी माणसांपासून दूर, एकांतात राहणारा. पावसाने शेते भरली, बिळात पाणी शिरले, तर त्याने जावे कुठे?

पेण-अलिबागच्या खारपट्टीत राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकातला वाटतच नाही. श्रावणात भाताची खाचरे तुडुंब होतात, बांधावरून पाणी वाहू लागते, उधाणाची भरती खाडीतून वर रेटत असते, आणि अशा वेळी सरपणाच्या ढिगाऱ्यात किंवा पडवीच्या कोपऱ्यात काहीतरी सळसळते. आपला हात काठीकडे जातो. विनोबांचे बोलणे नेमके त्या हाताशी असते: आलेला जीव दावा साधायला आलेला नाही, त्याचे घर बुडाले आहे. ज्याला आपण शत्रू समजलो तो निर्वासित निघतो, आणि हे परिवर्तन घडवायला त्यांना उपदेशाचा एकही शब्द खर्चावा लागत नाही; पाऊस आणि बीळ एवढ्या दोनच गोष्टी पुरतात.

विनोबांचा जन्म याच भागातला. पेणजवळचे गागोदे, ११ सप्टेंबर १८९५. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा. कोवळ्या वयाची पहिली वर्षे तिथल्या डोंगरांच्या कुशीत, पावसाच्या सहवासात गेली आणि मग कुटुंब बडोद्याला गेले. दहावे प्रवचन झाले २४ एप्रिल १९३२ या दिवशी, धुळ्याच्या तुरुंगात, खानदेशच्या ऐन उन्हाळ्यात. दर रविवारी एक अध्याय, समोर सत्याग्रही कैदी, आणि ते शब्द भराभर उतरवून घेणारे साने गुरुजी. त्या तापलेल्या भिंतींच्या आत बसून बोलणाऱ्याला भरलेली शेते आणि पाण्याने भरलेली बिळे इतक्या स्वच्छपणे दिसावीत, याचे मूळ मला गागोद्याच्या पावसातच सापडते. हा माझा तर्क आहे, पण कोकणातला कोणताही वाचक तो सहज मान्य करील. सापाच्या त्याच प्रसंगात ते आईचीही आठवण काढतात. नागपंचमीला नागाचे चित्र घरीच हाताने काढायचे. बाजारात छान रंगीत चित्र मिळते असे मुलगा म्हणे, आणि आईला मात्र त्याच्या हाताने काढलेलेच हवे असे. ज्याची पूजा करायची त्याच्या अंगाच्या वळणावळणावरून आधी आपले बोट फिरले पाहिजे, असे काहीसे त्या माउलीच्या मनात असावे.

या सापाचे सौंदर्य पुरते कळायचे तर अध्यायाची रचना ध्यानात घ्यावी लागते. परमेश्वर सगळीकडे भरला आहे हे मोठे वाक्य विनोबा एकदम आपल्या अंगावर टाकत नाहीत. लहान मुलाला आपण जशी आधी ठळक, मोठी अक्षरे शिकवतो आणि मग बारीक, आधी साधी आणि मग जोडाक्षरे, तसाच क्रम ते लावून देतात. आई, वडील, संत ही सोपी अक्षरे. राम हे साधे अक्षर, वाचायला अडचण पडत नाही. रावण हे जोडाक्षर. तेही वाचता आले पाहिजे, नाहीतर ग्रंथ अर्धाच राहील. गाय आपण सहज वाचतो, कारण रानातून वासरासाठी धावत येणारी तिची आतुरता डोळ्यांना लगेच समजते. सापापाशी अडखळतो. विनोबा त्या अडखळण्याला दोष देत नाहीत, फक्त बोट धरून जोडाक्षराचा उच्चार करून दाखवतात.

आणि कावळा! लोकांनी हिणवलेला, श्राद्धापुरता आठवणारा कावळा. त्याच्याविषयी विनोबा जे बोलतात ते मला अख्ख्या अध्यायातले सर्वांत लाडके वाटते. तो दाट काळा रंग, ती धारदार हाक, पंख फडफडवीत येण्यातली शोभा. आणि घरात कोंडून न जेवणारे ते तान्हे पोर, ज्याला अंगणात नेऊन काऊ-चिऊ दाखवत एकेक घास भरवावा लागतो. त्या पोराला वेडे म्हणावे काय, असे विचारून विनोबा त्याच्याच शहाणपणाच्या बाजूने उभे राहतात. अंगणातल्या प्रत्येक आईने केलेल्या कृतीचा इतका सन्मान कुठल्या तत्त्वज्ञाने केला असेल?

इथे दूरच्या एका परंपरेची आठवण येते, आणि ती आदरानेच येते. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमने १७८९ साली छापलेल्या आपल्या ग्रंथातल्या एका तळटीपेत लिहिले की प्राण्यांना तर्क करता येतो का, बोलता येते का, हा प्रश्नच नाही. त्यांना वेदना होतात का, एवढेच विचारावे. त्या तळटिपेचा धागा ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५च्या ‘अॅनिमल लिबरेशन’मध्ये उचलला आणि उपयुक्ततावादाचा काटा माणसाइतकाच कोंबडी-डुकरांसाठीही धरला. त्यापूर्वी, १९७१ साली पूर्व बंगालचे लाखो निर्वासित भारतात येत असताना, त्यांनी गरिबीवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला होता: उथळ तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे चिखलाने माखतील म्हणून कोणी थांबत नाही, मग दूर देशातले मूल केवळ दूर आहे म्हणून परके कसे? हा युक्तिवाद निर्मळ आहे, आणि तो वाचून आपली झोप उडते ती उडायलाच हवी. पण सिंगर यांच्या पानांवर प्राणी येतो तो बहुधा त्याच्या वेदनेतून. विनोबांच्या पानावर तो आपल्या वैभवासह येतो. सापाचे हाल सांगण्याआधी त्याचे रूप सांगायचे, हा जो क्रम आहे त्यात विनोबांचे सारे मन आहे. ज्याचे रूप आपण मन भरून पाहिले, त्याच्या हालांचा हिशेब मागावा लागत नाही.

हिशेबाचा विषय निघालाच आहे, तर विनोबांनीच सांगितलेली आईची दुसरी एक आठवण काढू. देवाला लाख तांदूळ वाहण्याचा तिचा नेम. ती एकेक दाणा मोजून वाही. वडिलांनी सुचवले की तोळाभर तांदूळ मोजावेत आणि त्या मापाने लाखाचे वजन काढावे, वर थोडे जास्त घालावे म्हणजे उणे राहणार नाही. गणित चोख होते. आईने मुलाला विचारले, आणि तो म्हणाला की तुझे मोजणे हे गणितच नाही, दाण्यादाण्याबरोबर होणारे स्मरण आहे. हजारोंचे दुःख एका आकड्यात बांधणारी बुद्धी जगाला हवीच. पण आपल्या ओंजळीतून जाणारा प्रत्येक दाणा वेगळा ओळखणारी ही दृष्टी त्या आकड्याला प्राण देते.

आता एक अध्याय मागे येऊ. नवव्या अध्यायात कुरुक्षेत्रावरची संध्याकाळ आहे. दिवसाचे युद्ध थांबले, सारे संध्या करायला गेले, आणि पार्थाचा सारथी मात्र घोडे सोडून त्यांना पाणी पाजतो, खरारा करतो, अंगात रुतलेली शल्ये काढतो, पीतांबरात चंदी घेऊन त्यांना चारतो. त्या पीतांबराकडे आपण निरखून पाहावे. देवाचे ते वस्त्र, सगळ्या आरत्यांनी झळाळलेले, इथे घोड्याच्या तोबऱ्याचे काम करते, आणि त्यामुळे त्याची झळाळी वाढतेच. सेवा हीच इथे संध्या झाली आहे, हे विनोबांना सांगावेही लागत नाही. हे प्रवचन १७ एप्रिल १९३२चे.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १८ एप्रिल १९५१ला, तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी विनोबांपाशी ऐंशी एकर जमीन मागितली. गावाला त्यांनी विचारले, आणि रामचंद्र रेड्डी शंभर एकर द्यायला उभे राहिले. तिथून भूदानाची जी पदयात्रा निघाली ती तेरा वर्षांहून अधिक काळ चालली. मिळालेल्या जमिनीतली कितीतरी नापीक निघाली, कितीतरी वाटलीच गेली नाही. ते सारे खरे आहे आणि इतिहासकारांनी लिहिले आहे. मला आज थांबायचे आहे ते मागण्याच्या पद्धतीपाशी. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते जमीनदाराला सांगत. सिंगर अंतर हा मुद्दाच बाद करतात. विनोबा ते अंतर ओलांडून थेट माजघरात येऊन बसतात. मागणारा याचक उरत नाही, वारस होतो, आणि देणारा उपकारकर्ता न राहता बाप होतो. सतराव्या अध्यायात त्यांनी दान हे समाजाच्या ऋणाची फेड म्हणून मांडले होते. त्या कोरड्या भासणाऱ्या विधानाला आता घर मिळाले, भावंडे मिळाली, ताटातला वाटा मिळाला.

शिवाय यात जमीनदारही वाचला गेला आहे, हे सुटू नये. तेलंगणा तेव्हा रक्तपाताने पोळलेला. भूमिहीनात नारायण पाहणे हे सोपे अक्षर होते, शेकडो एकर दाबून बसलेल्या माणसात तो पाहणे हे जोडाक्षर. विनोबा त्याच्या दारात शिरले ते त्याच्यातही बाप असेल असे धरून, आणि कित्येकांनी तसे होऊन दाखवले. पदयात्रेत गीता-प्रवचनांच्या प्रती लोक विकत घेत, विनोबा त्यांवर सही करीत. आपल्या घरी अशी एखादी जुनी प्रत असेल तर दहावा अध्याय आधी वाचावा, मग नववा, आणि सतरावा त्यानंतर.