संवादांतील 'येरवडा' : एका स्थलनामाचा अर्थविचार

चित्रपटाच्या संवादाला वेळेची काटकसर करावी लागते. दीर्घ शिक्षेची दहशत सांगावयास कादंबरीकार परिच्छेद खर्च करतो. संवादलेखक तुरुंगाचे नाव उच्चारून मोकळा होतो. अमेरिकन चित्रपटांत 'सिंग सिंग' व 'अल्काट्राझ', हिंदीत 'तिहाड', 'आर्थर रोड' आणि अर्थातच 'काला पानी' ही नावे हे काम करतात. यांतील शेवटचे नाव तर स्थळापासून पुरते सुटले आहे. राज खोसला यांच्या 'काला पानी'त (१९५८) अंदमान नाही. हैदराबादच्या तुरुंगात खितपत पडलेला एक निरपराध बाप आहे. प्रियदर्शन यांच्या 'कालापानी'त (१९९६) मात्र प्रत्यक्ष सेल्युलर जेल आहे.

मराठीतील 'येरवडा' याहून गुंतागुंतीचा. १८७१ साली उभा राहिलेला तुरुंग आणि प्रादेशिक मनोरुग्णालय ही दोन्ही एकाच परिसरात असल्यामुळे नाव द्व्यर्थी झाले आहे. 'ह्याला येरवड्याला पाठवा' हे वाक्य सुटे घेतल्यास ते गुन्हेगाराविषयी आहे की मनोरुग्णाविषयी, हे ठरत नाही. अर्थनिश्चिती होते ती पुढील क्रियापदाने : माणूस तुरुंगातून 'सुटतो', इस्पितळातून 'बरा होऊन येतो'. विनोदी संवादात ही निश्चिती बुद्ध्याच टाळली जाते आणि हशा नेमका त्या संदिग्धतेवर मिळतो. तो हशा स्वस्तच म्हणावा लागेल, कारण त्यासाठी कैदी आणि रुग्ण या दोघांनाही एकाच शब्दात कोंबलेले असते. (१९३० साली गांधीजींनी तेथून लिहिलेल्या पत्रांवर 'येरवडा मंदिर' असे घातले, शब्दाला उलट दिशा देण्याचा तो प्रयत्न संवादांच्या भाषेत रुजला नाही.)

चिंचवडमध्ये या नावाला आणखी एक स्मृती चिकटलेली आहे. चिंचवडचे दामोदर हरी चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव व बाळकृष्ण हे धाकटे बंधूही तेथेच फासावर गेले. नचिकेत व जयू पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' (१९७९) हा चित्रपट याच प्रकरणावरचा. ज्याच्या मनात ही हकीकत जागी आहे, त्याला 'येरवडा' ही नुसती कोटी म्हणून ऐकता येत नाही.

परंतु पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत आज मराठवाडा-विदर्भातून, तसेच उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला मोठा कामगारवर्ग आहे. मनोरुग्णालय या अर्थी विदर्भातील माणसाच्या तोंडी 'नागपूर' येते, मुंबईकडच्याच्या तोंडी 'ठाणे'. (त्या 'ठाण्या'तही पोलीस ठाण्याची भर पडतेच!) त्यामुळे चिंचवडच्या चित्रपटगृहात पडद्यावर 'येरवडा' उच्चारला गेला, की शेजारच्या दोन खुर्च्यांवरचे प्रेक्षक एकाच वेळी हसतीलच असे नाही.