तीस सेकंदांचा फेरा

स्पीड स्केटिंगची दहा हजार मीटरची शर्यत पहिल्यांदा बघणारा माणूस पाचव्या फेरीला मोबाइल बाहेर काढतो. त्याचंही बरोबरच आहे. चारशे मीटरचा बर्फाचा ट्रॅक, त्यावर दोनच गडी आणि पंचवीस फेऱ्या. दोघं घाण्याला जुंपल्यासारखे. डच स्केटर स्वेन क्रामरची गोडी कळायची असेल तर नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर हवी. मार्च २००७ मध्ये सॉल्ट लेक सिटीत त्याने १२ मिनिटं ४१.६९ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा फेरीमागे सरासरी साडेतीस सेकंद पडले. मांड्या भरून आल्या की फेरी एकतिसावर, मग बत्तिसावर जाते, हे या खेळात ठरलेलंच. क्रामरची फेरी जागची हलत नसे. समोरच्याची वेळ वाढू लागली की याची बऱ्याचदा दोन-तीन दशांशांनी कमीच होई. त्याचा हल्ला एवढाच.

क्रामर हेरेनवेनचा, फ्रीसलंड प्रांतातला. थियाल्फची रिंक, म्हणजे डच स्केटिंगचं माहेर, त्याच्याच गावात. वडील येप क्रामरही स्केटर. ऑलराउंड, म्हणजे अनेक अंतरांच्या एकत्रित प्रकारातली नऊ जागतिक विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत, पण असल्या याद्यांत मला फारसा रस नाही. बघावं ते त्याचं सरळ पट्ट्यावरचं अंग: दोन्ही हात पाठीवर, पाठ जवळजवळ आडवी, डोकं स्थिर. क्लॅप स्केटचं पातं टाचेकडे सुटं असतं. टाच उचलली तरी ते आणखी क्षणभर बर्फाला चिकटून राहतं आणि रेट्याचा शेवटचा अंश वाया जात नाही. तो अंश कसा वसूल करावा, हे क्रामरकडून शिकावं. घाई कुठे दिसतच नाही.

पाच हजार मीटरमध्ये त्याने लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं घेतली: २०१० ला ६:१४.६०, २०१४ ला ६:१०.७६, २०१८ ला ६:०९.७६. तिन्ही वेळा ऑलिंपिक विक्रम. एकतिसाव्या वर्षीची वेळ तेविसाव्या वर्षीच्या वेळेपेक्षा पावणेपाच सेकंदांनी सरस! २०१८ च्या शर्यतीत दुसरा आणि तिसरा यांच्यात दोन सहस्रांश सेकंदांचा फरक होता. क्रामर त्या दोघांच्या जवळजवळ दोन सेकंद पुढे.

आणि तरी लोकांना आठवतं ते व्हँकुव्हरचं ऑलिंपिक. २३ फेब्रुवारी २०१०, दहा हजार मीटर. प्रत्येक फेरीत दोघांनी लेन बदलायची, म्हणजे अंतर सारखं पडतं. या खेळातलं पोरसोरही हे जाणतं. आठ फेऱ्या उरल्या होत्या. क्रामर बाहेरच्या लेनकडे निघाला होता. प्रशिक्षक गेरार्ड केमकर्स यांनी ओरडून, हात करून त्याला आत जायला सांगितलं. चित्रफीत सावकाश बघा: पाय बाहेरच्या दिशेला पडतोय, अंग कचरतं आणि अगदी शेवटच्या क्षणी तो आत वळतो. पायांना बरोबर ठाऊक होतं, त्याने कानाचं ऐकलं. पुढच्या फेऱ्या त्याने नेहमीच्या थाटात काढल्या, हात उंचावत रेषा ओलांडली. मग केमकर्स यांनी त्याला बाद झाल्याचं सांगितलं आणि क्रामरने गॉगल बर्फावर आपटला. सुवर्ण गेलं कोरियाच्या ली सुंग-हूनला, क्रामरपेक्षा चार सेकंद संथ वेळेवर.

केमकर्स यांना तो सोडून गेला नाही. पुढची चार वर्षं दोघं एकत्रच राहिले. माझ्या लेखी पदकांच्या यादीपेक्षा ही नोंद वजनदार.

व्हँकुव्हरची हळहळ मात्र मला थोडी सवंग वाटते. तिच्यात दोष दुसऱ्याचा आहे, त्यामुळे शोक करणं सोपं जातं. रसिकाने थांबावं ते २०१४ च्या सोची ऑलिंपिकमधल्या दहा हजार मीटरपाशी. तिथे लेन बरोबर होत्या, प्रशिक्षक तेच होते, आणि योरिट बर्ग्स्माने १२:४४.४५ ची वेळ लावून त्याला साडेचार सेकंदांनी मागे टाकलं. जी लय क्रामर इतरांवर लादायचा, ती त्या दिवशी त्याच्यावर लादली गेली. २०१८ ला तो या शर्यतीत सहावा आला. सुवर्ण जिंकलं टेड-यान ब्लूमेनने. जन्माने तोही डचच. फक्त अंगावरची जर्सी कॅनडाची होती.