राक्षसवाचक शब्द आणि मनुष्यस्वभाव

राक्षस, असुर, दैत्य, पिशाच हे शब्द आज आपण बहुधा एकमेकांचे पर्याय म्हणून योजतो. त्यांच्या विवेचनाच्या दोन दिशा विशेष रूढ आहेत. पहिलीत त्यांचा संग्रह पुराणकथांत केला जातो. दुसरीत प्रत्येक नावामागे एखादी आर्येतर जमात शोधली जाते. पहिलीने प्रश्न उरत नाही आणि दुसरीने तो दुसऱ्यावर ढकलला जातो. या शब्दांच्या अर्थांतरांकडे पाहिले असता त्यांचा खरा विषय कोणी परका नसून ते उच्चारणारा मनुष्यच आहे, असे दिसून येते.

प्रथम ‘असुर’ शब्द घेऊ. ऋग्वेदाच्या प्राचीन भागात तो वरुणादी देवांचे गौरवपर विशेषण आहे. अवेस्तात त्याचेच ‘अहुर’ हे रूप परमेश्वराच्या नावात आढळते. उलट ‘देव’ शब्दाचा भाऊबंद ‘दएव’ तेथे दुष्ट शक्तींचा वाचक झाला आहे. पुढे संस्कृतात ‘असुर’ मधील आद्य ‘अ’ नकारार्थी समजला गेला आणि उरलेल्या भागातून देववाचक ‘सुर’ हा नवा शब्द निघाला. म्हणजे शब्दाच्या दृष्टीने सुरांपासून असुर झाले नाहीत. असुरांपासून सुर झाले. प्रतिपक्ष निश्चित झाल्यावर स्वपक्षाला नाव मिळावे, ही घटना केवळ व्याकरणाची म्हणता येणार नाही.

‘राक्षस’ शब्दाचा इतिहास याहून बोलका आहे. ज्याच्यापासून रक्षण करावे ते ‘रक्षस्’, अशी एक व्युत्पत्ति यास्काने निरुक्तात दिली आहे. रामायणाच्या उत्तरकांडातील कथा नेमकी उलट आहे: प्रजापतीने जलाच्या रक्षणासाठी प्राणी निर्मिले आणि त्यांपैकी ज्यांनी रक्षणाचे वचन दिले ते राक्षस झाले. शास्त्रीय कसोटीवर या व्युत्पत्तींचे काय व्हायचे ते होवो. भक्षक आणि रक्षक एकाच धातूतून पाहण्याची परंपरेची तयारी मात्र लक्षणीय आहे.

मनुस्मृतीतील विवाहप्रकारांत ‘राक्षस’ आणि ‘पैशाच’ ही नावे येतात. आप्तांना मारून कन्येचे बलाने हरण करणे तो राक्षस; निद्रित वा उन्मत्त स्त्रीशी गुप्तपणे संग करणे तो पैशाच. दोन्ही कृत्ये करणारा मनुष्यच आहे. इतकेच नव्हे, तर त्यांपैकी राक्षस विवाह क्षत्रियाला विहित मानलेला आहे. कृत्याचे स्वरूप ठाऊक होते, त्याला नावही दिले होते, आणि तरीही त्याची सोय ठेवली होती. विशाखदत्ताने नेमका उलटा उपयोग केला. ‘मुद्राराक्षस’ नाटकात नंदांचा अमात्य राक्षस हा स्वामिनिष्ठेचा आदर्श आहे आणि मित्र चंदनदासाचे प्राण वाचविण्यासाठी तो स्वतःस शत्रूच्या हाती देतो. नाव राक्षसाचे आणि वर्तन सज्जनाचे, हा विरोध त्या काळच्या प्रेक्षकांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

महाराष्ट्राच्या लोकदैवतांत हा विचार अधिक मोकळेपणाने व्यक्त झाला आहे. गोव्यात आणि दक्षिण कोकणात वेताळ हा ग्रामरक्षक देव आहे. रात्री गावाभोवती फिरून त्याची पायताणे झिजतात, म्हणून त्याला नवी अर्पण करतात. खंडोबाच्या कथेत मणी हा दैत्य शरण येऊन देवाच्या सान्निध्यात स्थान मिळवितो, आणि मल्ल आपले नाव देवाच्या नावाआधी लागावे असा वर मागतो. ‘मल्हारी’ म्हणजे मल्लाचा अरी. भक्त देवाला हाक मारतो तेव्हा आधी दैत्याचे नाव उच्चारतो, आणि घरातील मुलाचे नाव मल्हार ठेवतो तेव्हा तर केवळ तेच मागे उरते!

आता जमाती शोधण्याच्या पद्धतीविषयी. पैशाची भाषेवरून ग्रियर्सन यांनी 1906 मध्ये पिशाचांना वायव्येकडील भाषांशी जोडले. स्टेन कोनो यांनी त्याच भाषेचे घर विंध्याच्या परिसरात मानले. एका निंदाव्यंजक नावावरून भूगोल ठरवू गेल्यास असे होणे अपरिहार्य आहे. झारखंडात असुर नावाचा आदिवासी समाज आजही आहे. लोखंड गाळणे हा त्याचा परंपरागत व्यवसाय आणि त्याची भाषा मुंडा कुळातील. केवळ नामसाम्यावरून वैदिक असुरांशी त्याचे नाते सिद्ध होत नाही. परंतु पुराणातील असुरवधाचा उत्सव आपल्या पूर्वजांच्या वधाचा आहे, असे त्या समाजातील काहींना वाटते व ते त्या दिवसांत शोक पाळतात. आपली व्युत्पत्ति कागदावर राहते, तिचा भार जिवंत माणसे वाहतात, एवढे भान अभ्यासकाने ठेवावयास हवे.

अखेरीस आजच्या मराठीकडे वळू. ‘राक्षसी बहुमत’ यात केवळ आकार मनात असतो, असे कोणी म्हणेल. पण त्या आकारातही दडपले जाण्याची भीती आहेच. ‘पाशवी अत्याचार’ या प्रयोगात तर पशूवर उघड अन्याय आहे. सर्वांत विचार करण्याजोगा शब्द ‘अमानुष’. त्याचा घटकार्थ ‘मनुष्याचे नव्हे ते’. असे असता वाघाने माणूस फाडला तर त्यास आपण अमानुष म्हणत नाही. महापुरास म्हणत नाही. छळासाठी, मारहाणीसाठी, गुलामीसाठीच म्हणतो. म्हणजे जे केवळ मनुष्यच करतो, त्यासाठीच हा नकार राखून ठेवलेला आहे. ‘माणुसकी’ हा गुणवाचक शब्द आपण मनुष्यापासून केला आणि क्रौर्याचा वाचक शब्द मात्र मनुष्याला नाकारून केला. दोन्ही मालमत्ता आपल्याच असताना एकीचाच दाखला आपल्या नावे ठेवावा, असा हा व्यवहार आहे.

यास अपवाद ‘नरराक्षस’ या समासाचा. येथे भाषेने ‘नर’ हे पद गाळलेले नाही. निषेधाच्या भरातही कर्ता कोण, हे ती सांगून टाकते. राक्षसवाचक शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने त्या पहिल्या पदाकडे दुर्लक्ष करू नये, एवढेच प्रस्तुत विवेचनाचे तात्पर्य.