पांढऱ्या माशीचे वर्गीकरण आणि मायटोकाँड्रियाची साक्ष

‘बेमिसिया टॅबॅसाय’ या पांढऱ्या माशीचे प्रथम वर्णन गेन्नाडिअस यांनी १८८९ साली ग्रीसमधील तंबाखूवरील नमुन्यांवरून केले. पुढे देशोदेशी तिला इतकी नावे मिळाली की, १९५७ साली लुईझ रसेल यांना त्यांपैकी पुष्कळशी एकाच नावाखाली आणावी लागली. या माशीची जाती ओळखावयाची ती कोशावस्थेवरून. आणि पान लवदार की गुळगुळीत, यावर कोशाचे रूपच पालटते!

अशा स्थितीत मायटोकाँड्रियातील डीएनएचा आश्रय घेतला गेला, हे योग्यच झाले. डिन्सडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली त्यातील ‘सीओ-१’ या एकाच जनुकाच्या अंशावरून, ३.५ टक्क्यांहून अधिक भेद असल्यास जाती भिन्न, असा निकष मांडून २४ जाती मानल्या. निकष सोयीचा खरा. परंतु तो अनुक्रमांच्या भेदांत आढळलेल्या खंडावरून काढलेला आहे, संकराच्या प्रयोगांवरून नव्हे. नमुने वाढले म्हणजे असा खंड भरून निघू शकतो.

एका जनुकावर विसंबण्यातील धोका २०१७ साली उघड झाला. ‘मध्यपूर्व-आशिया मायनर २’ या मानीव जातीच्या पेरूमधील माश्यांचा संपूर्ण मायटोकाँड्रियल जीनोम टे व त्यांचे सहकारी जुळवू गेले, तो हाती आला ‘मध्यपूर्व-आशिया मायनर १’चा. केंद्रकात शिरलेल्या निष्क्रिय प्रतीच खऱ्या जनुकाऐवजी वाचल्या गेल्या होत्या. संपूर्ण जीनोमाच्या पद्धतीचे सामर्थ्य याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

तथापि या सामर्थ्याचा अतिरिक्त अर्थ लावला जातो, हे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. सदतीस जनुके म्हणजे सदतीस साक्षीदार नव्हेत. ती सर्व मातेकडून एकत्रच येतात. सबब साक्षीदार एकच, फक्त त्याची जबानी लांबली. त्यातही वोल्बाकियासारखा मातृवाहित जीवाणू एखादा मातृवंश समूहभर पसरवू शकतो, आणि मग वृक्ष माशीचा इतिहास न सांगता जीवाणूचा सांगतो. केंद्रकीय जनुके व संकरप्रयोग यांच्या जोडीवाचून जातिनिर्णय देऊ नये. प्रश्न केवळ नावाचा नाही : ‘भूमध्य’ माशी काही कीटकनाशकांना तिच्या भगिनीजातीपेक्षा अधिक प्रतिरोधक आढळते, ओळख चुकली तर फवारणीही चुकते.

नामकरणात मात्र या साक्षीचे मोल निर्विवाद आहे. २०१२ साली गेन्नाडिअस यांच्या १८८९च्या संग्रहित नमुन्यातून ‘सीओ-१’चा अंश मिळविण्यात आला व तो ‘भूमध्य’ गटाशी जुळला. त्यामुळे ‘टॅबॅसाय’ हे नाव त्याच गटाचे ठरते. उरलेल्या बहुतेक जाती अद्याप प्रदेशांच्या नावांवरच ओळखल्या जातात.